आपल्यात असं चालत नाही

कुठे नवा सीसीटीव्ही बसला, सरकारचा एखादा नवा नियम आला किंवा कुणाची पोस्ट उडाली, की कमेंटमध्ये कुणीतरी लिहितंच, "१९८४ आलं बघा." त्यावर दहा-बारा लाइक पडतात, एखादा "खरंय सर" म्हणतो आणि गाडी पुढे जाते. आपल्या तालुक्याच्या ग्रुपवर गेल्या महिन्यात पुन्हा तेच झालं. तेव्हा मी काही बोललो नाही, पण विषय डोक्यातून जाईना. आज जरा सविस्तर लिहितो. पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा.

माझं म्हणणं थोडक्यात असं. जॉर्ज ऑरवेलच्या त्या कादंबरीचं नाव घेताना आपण फक्त सरकारकडे बोट दाखवतो. पुस्तक उघडून वाचलं की ते बोट शेजाऱ्याकडे वळतं, घरातल्या पोरांकडे वळतं, ऑफिसातल्या माणसाकडे वळतं आणि शेवटी आपल्याकडेच येतं. भविष्यातला भयंकर समाज रंगवणाऱ्या या कादंबऱ्यांना डिस्टोपिया म्हणतात. त्यातल्या ज्या मी वाचल्या त्यांत एक गोष्ट सारखी दिसली. माणसाला ठोकून ठोकून सगळ्यांसारखा करायचं काम वरचा हुकूमशहा एकटा करत नाही. त्याच्याकडे तेवढी माणसंच नसतात. ते काम आजूबाजूचे लोक करतात. बहुतेक वेळा फुकट, आणि पुष्कळदा प्रेमानं.

ऑरवेलपासूनच सुरुवात करू. हा माणूस १९०३ साली बिहारमधल्या मोतिहारीत जन्मला, ब्रह्मदेशात पोलिसात नोकरी केली, पुढे लेखक झाला. '१९८४' जून १९४९ मध्ये आली आणि पुढच्या जानेवारीत तो क्षयानं गेला.

जर्नालिझमच्या डिप्लोमाला असताना आमच्या एका सरांनी हे पुस्तक वाचायला लावलं होतं. म्हणाले, "राजकारणासाठी वाचू नका, नोकरीसाठी वाचा." तेव्हा कळलं नाही. वीस वर्षं बातम्या लिहिल्यावर कळतंय.

कारण कादंबरीचा नायक विन्स्टन स्मिथ आपल्याच धंद्यातला आहे. सत्य मंत्रालयात त्याचं टेबल आहे आणि त्याचं काम 'टाइम्स' या वर्तमानपत्राचे जुने अंक दुरुस्त करणं. नेत्यानं, म्हणजे बिग ब्रदरनं, भाषणात सांगितलं होतं की दक्षिण भारताची आघाडी शांत राहील. हल्ला नेमका तिथेच झाला. मग विन्स्टननं जुन्या अंकातलं भाषण असं बदलायचं की नेत्याला आधीच सगळं माहीत होतं. वर्षभर चॉकलेटचं रेशन कमी होणार नाही असं सरकारनं म्हटलं होतं, आणि आता ते तीस ग्रॅमवरून वीसवर येणार आहे. मग जुन्या अंकातलं आश्वासन काढायचं आणि तिथे "एप्रिलमध्ये कपात करावी लागेल" असा इशारा घालायचा. दुसऱ्या दिवशी बातमी येते की रेशन वाढवून वीस ग्रॅम केल्याबद्दल लोकांनी आभाराचे मोर्चे काढले. आजूबाजूचे सगळे ते गिळतात. कालच तर कमी झालं होतं, हे आठवणारा आपण एकटेच आहोत का, असं विन्स्टनला वाटायला लागतं.

यातली मला सगळ्यात जास्त टोचलेली गोष्ट वेगळी आहे. विन्स्टनला हे काम आवडतं. आयुष्यातला त्याचा सगळ्यात मोठा आनंद या कामात आहे, असं ऑरवेल स्पष्ट लिहितो. अवघड मजकूर आला की तो त्यात रंगून जातो. घरी येऊन कॅमेऱ्याच्या नजरेआड चोरून डायरी लिहिणारा बंडखोर आणि ऑफिसात मन लावून खोटं रचणारा कारागीर हा एकच माणूस आहे. आपल्या धंद्यातल्या मित्रांनी हे पान दोनदा वाचावं.

आता त्याचा शेजारी पार्सन्स. जाडा, घामाघूम, उत्साही माणूस. प्रत्येक वर्गणीत, प्रत्येक मिरवणुकीत पुढे. असा एक जण आपल्या प्रत्येक गल्लीत असतो. त्याची सात वर्षांची मुलगी एकदा सहलीला गेलेली असताना एका अनोळखी माणसाचा पाठलाग करते आणि त्याला पकडून देते. का? तर त्याचे बूट वेगळ्या धर्तीचे होते. बाप कौतुकानं ही गोष्ट सांगतो. पुढे एके रात्री हाच पार्सन्स झोपेत बिग ब्रदरच्या विरोधात बडबडतो. मुलगी किल्लीच्या भोकाला कान लावून ऐकते आणि दुसऱ्या दिवशी तक्रार करते. कोठडीत विन्स्टनला भेटल्यावरही पार्सन्स म्हणतो की मला पोरीचा अभिमान आहे, तिच्यावर चांगले संस्कार झालेत.

भिंतीवरचा टेलिस्क्रीन सगळं बघतो असं आपण धरून चालतो. पण पार्सन्सला पकडलं ते पोरीनं. आणि त्याच कादंबरीत पंच्याऐंशी टक्के जनता अशी आहे की बहुतेकांच्या घरात टेलिस्क्रीनच नाही. त्यांच्यासाठी खर्च करायची गरजच पडत नाही.

ऑरवेलच्या आधी येव्गेनी झाम्यातिन नावाच्या रशियन लेखकानं १९२०-२१ च्या सुमारास एक कादंबरी लिहिली. इंग्रजीत तिचं नाव 'वुई'. झाम्यातिन जहाजांचा इंजिनिअर. झारच्या काळात तुरुंगात गेला आणि क्रांतीनंतरही गेला. पुस्तक १९२४ मध्ये इंग्रजीत न्यूयॉर्कला छापलं गेलं. त्याच्या स्वतःच्या देशात ते छापायला १९८८ साल उजाडलं. १९३१ मध्ये त्यानं थेट स्टालिनला पत्र लिहून देश सोडायची परवानगी मागितली. ती मिळाली, आणि १९३७ मध्ये पॅरिसला तो वारला.

त्याच्या शहरात घरं काचेची आहेत. माणसांना नावं नाहीत, नंबर आहेत. उठायचं कधी, फिरायचं कधी, सगळं कोष्टकात. घास किती वेळा चावायचा तेही ठरलेलं, पन्नास वेळा. आणि कथा सांगणारा डी-५०३ याबद्दल रडत नाही, तो खूश आहे! वर्षातून एकदा तिथे 'एकमताचा दिवस' असतो. सगळे जमतात आणि त्याच नेत्याला पुन्हा निवडतात. हात वर करून, सगळ्यांच्या देखत. जुन्या काळी लोक निकाल माहीत नसताना मतदान करायचे, याचं डी-५०३ ला हसू येतं. हे वाचताना मला आपल्याकडच्या बिनविरोध ग्रामपंचायती आठवल्या. बिनविरोध झाली की आपण सरपंचाचा हार घातलेला फोटो छापतो, "गावाचा आदर्श" असं शीर्षक देतो. काही ठिकाणी खरंच एकोपा असतो, नाही म्हणत नाही. पण अर्ज मागे घेणाऱ्याच्या घरी आदल्या रात्री कोण कोण जाऊन बसलं होतं, ते आपण सहसा छापत नाही.

कादंबरीत त्या वर्षी मात्र "विरोधात कोण?" असं विचारल्यावर हजारो हात वर होतात. नेत्याला ते चालत नाही. मग एक ऑपरेशन निघतं, डोक्यातली कल्पनाशक्ती काढून टाकायचं. डी-५०३ वर ते होतं, आणि जिच्यावर त्याचं प्रेम होतं त्या बाईचे हाल होत असताना तो नेत्याशेजारी बसून शांतपणे बघतो.

'वुई' हे नाव मराठीत आणायला गेलं की गंमत होते. इंग्रजीत एकच शब्द आहे, आपल्याकडे दोन. 'आम्ही' म्हटलं की समोरचा बाहेर राहतो. 'आपण' म्हटलं की तोही आत येतो. झाम्यातिनच्या पुस्तकाला मराठीत कोणतं नाव द्यायचं? मला वाटतं तिथली मेख हीच आहे. तिथली सत्ता 'आपण' म्हणते आणि वागते 'आम्ही'सारखी. आपल्या ओळखीचं वाक्य घ्या ना, "आपल्यात असं चालत नाही." शब्द किती आपुलकीचा, आपल्यात! आणि काम काय, तर समोरच्याला दाराबाहेर उभं करायचं.

रे ब्रॅडबरीची 'फॅरनहाइट ४५१' १९५३ ची. तिच्यात अग्निशामक दलाचे लोक आग विझवत नाहीत, पुस्तकं जाळतात. हे कुणी सुरू केलं? दलाचा प्रमुख बीटी समजावून सांगतो की सुरुवात सरकारी हुकमानं झाली नाही. लोकांनाच लांबलचक नको झालं. कुणालाच काही टोचायला नको, म्हणून एकेक गोष्ट काढत गेले. सरकार नंतर आलं, तयार रस्त्यावरून चालत. नायकाच्या घरी पुस्तकं आहेत ही खबर देते त्याची बायको. शेजारची क्लॅरिस नावाची मुलगी विचित्र ठरते, कारण ती पायी फिरते, प्रश्न विचारते आणि तिच्या घरचे लोक संध्याकाळी बसून गप्पा मारतात. तिच्या काकाला तर पायी चालल्याबद्दल अटक झालेली असते.

पुढचा किस्सा कादंबरीबाहेरचा आहे. याच पुस्तकाची शाळांसाठी आवृत्ती निघाली तेव्हा प्रकाशनातल्याच लोकांनी "मुलांना कशाला" म्हणून गुपचूप शब्द बदलले. पुस्तकं जाळण्याच्या विरोधातल्या पुस्तकालाच कात्री! वाचकांच्या लक्षात आल्यावर १९७९ मध्ये ब्रॅडबरीनं त्याविरुद्ध खरमरीत लिहिलं आणि मूळ मजकूर परत आणायला लावला. कात्री लावणाऱ्यांना सरकारनं काही सांगितलं नव्हतं. ते सज्जन, काळजी घेणारे लोक होते.

आणखी एकच सांगतो. शर्ली जॅक्सनची 'द लॉटरी'. ही छोटी कथा आहे, भविष्यातली नाही. पण आपल्यासारख्या गावात राहणाऱ्याला सगळ्यात जवळची हीच वाटेल. 'न्यूयॉर्कर'मध्ये २६ जून १९४८ च्या अंकात आली. तीनशे वस्तीचं गाव. जूनमधली छान सकाळ. सगळे चौकात जमलेत, पिकापाण्याच्या गप्पा चालल्यात. दरवर्षीसारखी चिठ्ठी काढायची आहे, दुपारच्या जेवणाला घरी पोचायचंय. चिठ्ठी जिच्या नावानं निघते तिला गाव दगडांनी मारतं. तिच्या लहान मुलाच्या हातातही कुणीतरी खडे देतं. हे का करायचं ते कुणालाच नीट आठवत नाही. पूर्वीपासून चालत आलंय, एवढंच. ती बाई आली तेव्हा तीही हसत-खिदळत आली होती. हे बरोबर नाही असं तिला वाटतं ते तिच्या घरावर वेळ आल्यावर. कथा छापल्यावर लेखिकेला त्या उन्हाळ्यात तीनशेच्या वर पत्रं आली. बरेच जण चिडलेले. पण काहींनी विचारलं होतं की हे गाव कुठे आहे, आम्हाला बघायला जाता येईल का!

आता आपल्याकडचं सांगतो.

आपल्या राज्यानं २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराच्या विरोधात कायदा केला. असा कायदा करणारं महाराष्ट्र देशातलं पहिलं राज्य. जुलै २०१७ पासून तो लागू आहे. वाळीत टाकणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. असा कायदा करावा लागला यातच सगळं आलं.

कायदा आल्यानंतरची गोष्ट. आपल्या भागातल्या एका गावात एका शेतकऱ्यानं जत्रेच्या वर्गणीचा हिशेब मागितला. मोठी रक्कम नव्हती. बैठकीत उभं राहून विचारलं, एवढंच. त्याला उत्तर मिळालं, "आपल्यात असं विचारायची पद्धत नाही." पुढच्या आठवड्यापासून त्याचं दूध डेअरीवर घेईनात. गिरणीवर दळण घेईनात. किराणा शेजारच्या गावातून आणायची वेळ आली. पोरांना वाढदिवसाला कुणी बोलवेना. कुठेही लेखी काही नाही. कुणी हुकूम काढलेला नाही. मी गावात जाऊन विचारलं तर प्रत्येक जण सांगायचा, "आमचं काही वैर नाही हो, पण सगळ्यांनी ठरवलंय." ते सगळे कोण, ते मला कुणीच सांगू शकलं नाही. बातमी केली, नावासकट. कुटुंबानं तक्रार दिली, दोन्हीकडच्यांना बोलावलं गेलं, समजोता झाला, "प्रकरण मिटलं."

दोन-अडीच वर्षांनी गावातली चार मोठी माणसं गाडी घेऊन ऑफिसला आली. चहा झाला. म्हणाले, "साहेब, आता सगळं मिटलंय. पण गावाचं नाव मोबाइलवर टाकलं की तुमची बातमी वर येते. तेवढी काढून टाका." मी नाही म्हटलं. ते काही बोलले नाहीत. त्या दिवाळी अंकाला त्या गावातून एकही जाहिरात आली नाही. त्यानंतरही आलेली नाही. छोट्या साप्ताहिकाला ते जाणवतं.

पण त्यानंतर त्याच शेतकऱ्याचा फोन आला. "भाऊ, बातमी खरी होती, तुमचे उपकार आहेत. पण आता मुलीचं जमवायचंय. पाहुणे नाव टाकून बघतात. काढता आली तर बघा." त्याला कुणी धमकावलेलं नव्हतं, मी विचारलं. त्याला त्याच गावात राहायचं होतं, त्याच लोकांत लेक उजवायची होती. त्यालाही पुन्हा 'आपल्यात' यायचं होतं. कादंबरीत अशा माणसाला शेवटी मोडलेला दाखवतात. हा मोडलेला नव्हता. त्याच्यासमोर पुढचं आयुष्य होतं.

दोन दिवस विचार केला. मग वेबसाइटवरच्या बातमीतून त्या कुटुंबाची नावं काढली. खाली तारीख टाकून लिहिलं की कुटुंबाच्या विनंतीवरून नावं वगळली आहेत, बाकी मजकूर तसाच आहे. गावाचं नाव ठेवलं. छापील अंकाच्या फाइलला हात लावला नाही. विन्स्टनचं टेबल आणि माझं टेबल यांत मला एवढाच फरक ठेवता येतो. बदल केला तर तो केला असं लिहून ठेवायचं.

आणखी एक सांगायचं राहिलं. त्या बहिष्काराच्या काळात रात्री नऊनंतर गिरणीचा आवाज यायचा. गिरणीवाला दिवसा सगळ्यांसारखा वागायचा आणि रात्री त्या घरचं दळण दळून मागच्या दारानं द्यायचा. तेव्हा मला माहीत होतं, पण छापलं असतं तर तोही गेला असता. आता तो गाव सोडून मुलाकडे राहायला गेलाय, म्हणून लिहितोय. त्यानं बैठकीत कधी तोंड उघडलं नाही. डायरी वगैरे लिहिली नसणार. पण सगळ्यांनी ठरवलेलं त्यानं एकट्यानं पाळलं नाही.

समाजच वाईट, असं मला म्हणायचं नाही. पूर आला, घरात मयत झालं, तर हेच गाव धावून येतं, आणि लॉकडाऊनमध्ये याच लोकांनी डबे पोचवले. या कादंबऱ्यांतली माणसंसुद्धा एकटी राहायला निघालेली नाहीत. विन्स्टनला कुणाशी तरी मोकळं बोलायचं असतं. क्लॅरिसच्या घरी गप्पा चालतात. ब्रॅडबरीच्या पुस्तकाच्या शेवटी पुस्तकं पाठ करून ठेवणारी माणसं एकत्रच चालत असतात. त्यांना 'आपण' हवंच आहे. फक्त त्या 'आपण'मध्ये बसून "हिशेब दाखवा" म्हणता आलं पाहिजे, आणि म्हटल्यावर दुसऱ्या दिवशी दळण मिळालं पाहिजे.

म्हणून ग्रुपवर पुढच्या वेळी कुणी "१९८४ आलं" लिहिलं तर लाइक जरूर करा. सरकारवर लक्ष ठेवायलाच हवं, ते माझं रोजचं कामच आहे. पण त्याच ग्रुपवर एखाद्यानं मंडळाचा, सोसायटीचा, देवस्थानाचा हिशेब विचारला आणि त्याला "आपल्यात असं चालत नाही" असं उत्तर मिळालं, तर तिथेही दोन ओळी लिहा. नाहीच जमलं तर निदान त्याला ग्रुपमधून काढू नका.

पुस्तकं नगर वाचनालयात मागून बघा. नसतील तर मागणी वहीत नोंदवा. वही दारातच ठेवलेली असते.